गाडी माथ्यावर, पाय दरीत : मराठवाड्यात कॅम्परव्हॅन घेऊन पहिल्यांदा निघताना

"मराठवाड्यात डोंगर? कुठं?" हा प्रश्न पुण्या-मुंबईचेच नाही, आमच्या संभाजीनगरातले लोकही विचारतात. त्यांचं चुकतं असं नाही. शहरातून कन्नडकडे निघालं की साठेक किलोमीटर मका, कपाशी, अद्रक आणि मधूनमधून बोडके माळ. कन्नड मागे पडलं की मात्र चार वळणांत जमीनच संपते. समोर नुसतं आभाळ आणि खाली चाळीसगावकडचा खानदेश. तेव्हा ध्यानात येतं की मघापासून आपण डोंगरावरूनच चाललो होतो.

सह्याद्रीत डोंगर मान वर करून बघायचा असतो. आपण डोंगराच्या पाठीवर राहतो, म्हणून तो दिसत नाही. अजिंठा-सातमाळा रांग म्हणजे गोदावरी आणि तापीच्या खोऱ्यांमधला बांध. आपल्या बाजूनं ती हळूहळू उंचावते आणि उत्तरेला एकदम तुटते. बीड-धाराशिवकडच्या बालाघाट रांगेचंही तेच, फक्त कडा वेगळ्या दिशेला. बीडहून मांजरसुंब्याचा घाट चढलात की वर पुन्हा सपाट रान, ज्वारी आणि वारा.

कॅम्परव्हॅन, म्हणजे झोपायची-रांधायची सोय असलेली गाडी, घेऊन निघणाऱ्या नवख्याला सगळी आखणी यावरच करायची आहे. इथं गाडी माथ्यावर राहते आणि पाय दरीत जातात. पितळखोरा, कपिलधार, रामलिंग, अंबाजोगाईची मुकुंदराज समाधी, कुठंही जा, आधी उतरायचं आणि दमल्यावर चढायचं. गड चढायची सवय असलेली मंडळी उतरतानाच पाणी संपवतात आणि परतीच्या पायऱ्यांवर सावली शोधत बसतात. अर्धं पाणी वर येण्यासाठी ठेवा.

आम्ही दोघं नवरा-बायको चार वर्षांपासून एका जुन्या ट्रॅव्हलर मिनीबसमधून हिंडतो. खाली लिहिलंय त्यातलं बरंचसं आधी चुकून मग शिकलेलं आहे.

आधी महिना ठरवा, मग ठिकाण

मराठवाड्यात वर्षाला सरासरी साडेसहाशे ते सातशे मिलिमीटर पाऊस पडतो, तोही लहरीनं. कोकणातल्यासारखं "जूनमध्ये गेलो की धबधबे" इथं चालत नाही. जुलैअखेरीपर्यंत डोंगर जेमतेम हिरवा होतो. ऑगस्टचा मध्य ते सप्टेंबरअखेर हे धबधब्यांचे दिवस. पण आठवडाभर पाऊस झालेला नसेल तर जाऊच नका, ओला कातळ बघून परत याल. ऑक्टोबर-नोव्हेंबरला पाणी आटतं, पण हवा स्वच्छ असते, लांबचं दिसतं आणि बालाघाटात रस्त्याकडेला सीताफळांच्या पाट्या लागतात. डिसेंबर-जानेवारीत हुरडा. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस फुलतो, तो बघायला एक फेरी हवीच. मार्चच्या मध्यानंतर मात्र गाडी घरी ठेवा. बेचाळीस अंशांत पत्र्याच्या खोलीत दुपार काढणं हा काही प्रवास नव्हे.

पंचांगही बघा. नवरात्रात आणि कोजागरीला तुळजापूरच्या वाटा पायी जाणाऱ्या भाविकांनी भरलेल्या असतात आणि वाहनं दुसरीकडून वळवतात. श्रावणात शुक्रवारच्या रात्री संभाजीनगरहून खुलताबादच्या भद्रा मारुतीला चालत जाणाऱ्यांची रीघ लागते. त्या रात्री तुमची रुंद गाडी त्या रस्त्यावर नकोच.

गाडी : पहिली फेरी भाड्याच्या गाडीत

विकत घेण्याच्या आधी दोन रात्री भाड्यानं काढून बघा. घरातल्यांच्या घोरण्यापासून स्वतःच्या पाठीपर्यंत सगळ्याची परीक्षा तेवढ्यात होते. महाराष्ट्रानं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यामुळे हा प्रकार आता अगदीच अनोळखी राहिलेला नाही. जुनी गाडी घेऊन स्वतः बदल करणार असाल तर आरटीओची परवानगी आणि आरसीवरची नोंद आधी, सुतार नंतर. मोटार वाहन कायद्यात परवानगीशिवाय गाडीच्या मूळ रचनेत फेरफार चालत नाही आणि अपघात झाला की विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारते.

आत फार काही लागत नाही. झोपायला फळी, एक शेगडी, वीस लिटरचे दोन जार, एक पंखा, खिडक्यांना मच्छरजाळी. गॅस पाच किलोच्या छोट्या सिलिंडरचा घ्या आणि उभा बांधा. घरातला लाल सिलिंडर गाडीत टाकायचा नाही. आणि रोट्या भाजताना दार उघडं ठेवायचं, पाऊस आत आला तरी चालेल.

गाडीची उंची खडूनं का होईना, स्टिअरिंगसमोर लिहून ठेवा. हे का, ते दौलताबादला कळतं. किल्ल्याच्या बाहेरच्या तटातल्या दिल्ली दरवाजातूनच रस्ता जातो आणि एका वेळी एकच गाडी निघते. समोरून एसटी आलेली, मागं रिक्षांचा हॉर्न, आणि आपण छतावरच्या पेटीची उंची आठवत बसलोय, असं होऊ देऊ नका. मोठी गाडी असेल तर धुळ्याकडच्या महामार्गानं कसाबखेडा फाट्यापर्यंत जा आणि तिथून वेरूळला वळा.

माती ओळखा

ही गोष्ट बाहेरच्या कुठल्याही मार्गदर्शकात सापडणार नाही आणि मराठवाड्यात सगळ्यात महत्त्वाची हीच आहे. काळ्या रानात गाडी उतरवायची नाही. कोरडी असताना काळी माती सिमेंटसारखी कडक वाटते. अर्धा तास पाऊस झाला की तीच लोण्यासारखी होते, आणि टायरला चिकटली की टायरचा गोळाच होतो.

सौताड्याजवळची आमची पहिली फजिती याच मातीतली. सप्टेंबर, संध्याकाळ, बांधाकडेला छान मोकळी जागा. वाटेनं जाणारे एक आबा सायकलवरून उतरले, चपलेच्या टोकानं माती उकरली आणि म्हणाले, "हितं नका लावू. रात्रीतून आला तर सकाळी ट्रॅक्टर लागंल." आम्ही आभाळाकडे बघितलं, चांदणं होतं. ट्रॅक्टर सकाळी साडेदहाला आला. तोवर मी खोरं घेऊन मागच्या चाकाभोवती पाऊण फूट खणलं होतं आणि गाडी आणखी पाऊण फूट खाली गेली होती. आबा परत आले, पण "मी म्हणलो नव्हतो का" असं काही बोलले नाहीत. त्यांनी साखळी कुठं अडकवायची ते दाखवलं आणि ट्रॅक्टरवाल्याला पैसे घेऊ दिले नाहीत. आम्ही बळेच डिझेलचे दिले.

तर मुरूम शोधा. तांबूस, खडीसारखी जमीन, जिच्यावर कुसळी गवत आहे, बाभळी खुरट्या आहेत आणि जिथं गुरं चरायला येतात. असा मुरमाड माळ पाऊस पिऊन टाकतो. उतरायच्या आधी खाली उतरून टाच मारून बघा, टाच रुतली तर गाडी रुतणार. सोबत वीस फुटी जाड दोर आणि दोन जाड फळ्या ठेवा. त्या फळ्यांवर एरवी भाजी चिरता येते.

पाणी आणि सांडपाणी

माणशी दिवसाला पिण्याचे चार आणि वापरायचे सहा लिटर धरा. गावोगावी फिल्टरचं पाणी मिळतं, वीस लिटरचा जार भरून घ्यायचा. उन्हाळ्याच्या तोंडावर गावातल्या सार्वजनिक नळावर किंवा टँकरपाशी जार घेऊन उभं राहू नका. लोक नाही म्हणणार नाहीत, हाच तिथं अडचणीचा भाग आहे. टँकरवर आठ-आठ दिवस काढलेल्या गावात पाहुण्याला पाणी नाकारत नाहीत, म्हणून पाहुण्यानंच मागायचं नाही.

भांडी धुतलेलं पाणी बादलीत साठवा आणि झाडाला घाला, ओढ्यात नाही. शौचालयासाठी पेट्रोल पंप, मोठे ढाबे आणि देवस्थानांची भक्तनिवासं यांच्या वेळा साधायच्या. जंगलाच्या कडेला गेलातच तर खुरपं न्या.

रात्र कुठं काढायची

व्यवस्थित कॅम्पिंगच्या जागा इकडं फारशा नाहीत, म्हणून मुक्काम माणसांच्या भरवशावर असतो. सगळ्यात सोपं म्हणजे देवस्थानाचं वाहनतळ. माहूर, तुळजापूर, वेरूळ, अंबाजोगाई, कपिलधार इथं रात्री लोकांची ये-जा असते आणि गाडीत झोपलेलं कोणी दिसलं तरी नवल वाटत नाही. दुसरं म्हणजे ढाबा. जेवण तिथंच घ्यायचं आणि मालकाला विचारून मागच्या बाजूला, ट्रकांच्या इंजिनापासून लांब उभं राहायचं.

आम्हाला आवडतो तो तिसरा प्रकार, म्हणजे शेतातला आखाडा. रस्त्यापासून थोडं आत, दोन बैलं, एक लिंबाचं झाड, बाजेवर बसलेलं कोणीतरी. गाडी रस्त्यावरच थांबवा, पायी जा. बीड-धाराशिवकडं वडीलधाऱ्याला "बप्पा" म्हणा, "अंकल" म्हणालात तर सगळं अवघडून जातं. आधी गाव सांगा, मग काम. "बप्पा, संभाजीनगरहून आलो, रातच्याला गाडी लावू का हितं, सकाळी निघतो." पुढचे प्रश्न ठरलेले असतात. गाव कोणतं, पाहुणे कोण, लेकरं किती, आणि "गाडीतच झोपायलाव?" उत्तरं मनापासून द्या. ती उत्तरं म्हणजेच जागेचं भाडं. पैसे पुढं करू नका, सकाळी घरातल्या लेकरांसाठी खाऊ द्या. भाकरी आली तर नको म्हणू नका.

लाकडं गोळा करून शेकोटी करायची हौस असेल तर ती आखाड्यावर, तीही विचारून. माळावर मुळीच नाही. नोव्हेंबरनंतरचं गवत एका ठिणगीनं पेटतं आणि आग शेजारच्या ज्वारीत जाते.

अभयारण्यात वनविभागाच्या परवानगीशिवाय गाडीत रात्र काढता येत नाही. गेटबाहेरच्या गावात थांबा, पहाटे आत जा.

घाटात

चढताना ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, हे आमच्याकडचा कुठलाही एसटी ड्रायव्हर सांगेल. कॅम्परव्हॅन रिकामी कधीच नसते. पाणी, फळ्या, सिलिंडर, संसार असतो. पहिल्याच वर्षी कन्नड घाट उतरताना मी ब्रेकवर पाय ठेवून गेलो. निम्म्यात जळकट वास आला, तो बायकोला आधी आला, मला तो शेगडीचा वाटला. एका रुंद वळणावर थांबून वीस मिनिटं चाकाकडे बघत बसलो. ब्रेक तापले की पाणी ओतायचं नाही, थांबायचं.

अरुंद ठिकाणी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, नियमही तसाच आहे. घाटात बघायला थांबायचं नाही. बघायचं ते माथ्यावर, गाडी पूर्ण बाहेर काढून. धारूरचा घाट अरुंद आणि वळणाचा आहे, तिथं पहिल्या फेरीत जाऊच नका. आणि रात्री घाट नको. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून ऊस सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रस्त्यावर येतात, मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. काळोखात समोर अचानक उसाची भिंतच येते. सूर्य मावळायच्या आत जागेवर पोचा, एवढा एक नियम पाळलात तर बाकीचे निम्मे विसरलात तरी चालेल.

पहिली फेरी : उत्तरेचा कडा, तीन दिवस

संभाजीनगरहून निघून पहिला मुक्काम म्हैसमाळ. खुलताबादहून बारा-एक किलोमीटर, समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या आसपास, गिरिजामातेचं मंदिर आणि भरपूर वारा. शनिवार-रविवारी गर्दी आणि गाड्यांतली गाणी, तेव्हा मंगळवार-बुधवार धरा. मंगळवारी वेरूळची लेणी बंद असतात, अजिंठ्याची सोमवारी, हे आखताना लक्षात असू द्या. येता-जाता शुलीभंजनला जा. एकनाथांनी तप केलं ती जागा असं मानतात. सूर्योदयाला दरीत धुकं असलं तर तासभर हलावंसं वाटत नाही.

दुसरा दिवस गौताळ्याचा. गौताळा औट्रमघाट अभयारण्य १९८६ मध्ये जाहीर झालं. क्षेत्र २६० चौरस किलोमीटर, थोडं आपलं, थोडं जळगाव जिल्ह्यातलं. कन्नडच्या बाजूनं आत शिरायचं. हे पानगळीचं कोरडं जंगल, धावडा, सालई, पळस, अंजन. पावसाळ्यात इतकं दाट की दहा पावलांवरचं दिसत नाही. डिसेंबरात पानं झडली की पक्षी दिसू लागतात. इथं बिबट्या आहे, त्यामुळे पायवाट सोडू नका आणि लहान मुलांना पुढं पळू देऊ नका.

पितळखोऱ्याला गाडी माथ्यावर लावून पायऱ्यांनी दरीत उतरायचं. ही लेणी इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकापासूनची, म्हणजे देशातल्या जुन्यांतली. दगड ठिसूळ, बराच भाग कोसळलेला. पण दरीच्या पोटात एकटं उभं राहिलं आणि वरून पाण्याचा आवाज आला की अजिंठ्याला लागणाऱ्या माणसांच्या रांगा आठवत नाहीत. इकडच्या सगळ्याच कड्यांना आग्या मोहोळं असतात. सेंट लावून जाऊ नका, धूर करू नका, लेण्यात ओरडू नका. माश्या उठल्याच तर हात न हलवता, तोंड झाकून मागं फिरा.

कन्नड घाट गाडीनं उतरायचाच असेल तर आधी चौकशी करा. ३१ ऑगस्ट २०२१ च्या पावसात इथं दरडी कोसळल्या होत्या आणि २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानं जड वाहनांना बंदी आली. तुमची गाडी कशात मोडते ते आरसीवर बघा.

तिसऱ्या दिवशी सिल्लोड, उंडणगाव करत हळदा घाट. माझं मत विचाराल तर मराठवाड्यातला सगळ्यात देखणा रस्ता हाच. वळण घेतलं की वेताळवाडीचा किल्ला अंगावर येतो, तट, बुरुज, सगळं रस्त्यावरून दिसतं. इथं किल्ल्यावर जाताना चढ आधी आहे, म्हणजे आधी उतरायचं हा वरचा नियम मोडणारी ही जागा. पुढं सोयगावकरून फर्दापूरला निघता येतं. अजिंठ्यासाठी आपली गाडी फर्दापूरच्या टी-पॉइंटला ठेवून बसनंच जावं लागतं. व्हॅनमध्ये मौल्यवान काही ठेवू नका आणि पडदे ओढून जा. लेणी खालून सगळेच बघतात. वाघूर नदीच्या घोड्याच्या नालेसारख्या वळणाचा अंदाज मात्र समोरच्या डोंगरावरच्या व्ह्यू पॉइंटवरूनच येतो. १८१९ मध्ये शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला ही लेणी दिसली, तीही अशीच समोरून.

दुसरी फेरी : बालाघाट

कन्नड घाटापासून तुळजापूरपर्यंत एकच रस्ता, राष्ट्रीय महामार्ग ५२, सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास. आपल्या फेरीचा हाच कणा. बाजूची ठिकाणं त्याला फाटे फोडून बघायची.

मांजरसुंब्याजवळून कपिलधार, मन्मथस्वामींची समाधी आणि शेजारी धबधबा. तिथून पाटोद्याकडं नायगावचं मयूर अभयारण्य. मोर बघायचे तर सहाच्या आत, आणि इंजिन बंद करून. पुढं सौताडा. विंचरणा नदी कड्यावरून सरळ उडी घेते आणि खाली रामेश्वराचं मंदिर आहे. वरून बघा, मग पायऱ्या उतरा. कठड्याच्या पलीकडं फोटोसाठी जाणारे दर पावसाळ्यात दिसतात, त्यांच्या मागं जाऊ नका. गाडी कुठं लावायची ते आता तुम्हाला माहीत आहेच.

परत महामार्गावर येऊन दक्षिणेला निघालात की येडशी. रामलिंग घाट अभयारण्य जेमतेम बावीस चौरस किलोमीटरचं, पण घळीतलं मंदिर आणि भोवतीची झाडी बघता आकडा खोटा वाटतो. इथली माकडं व्हॅनवाल्यांना पुरतं ओळखतात. आमच्या गाडीची सरकती खिडकी चार बोटं उघडी होती. एक पिल्लू आत गेलं, बाहेर आईच्या हातात बिस्किटाचा पुडा दिला, मग दुसरा, मग माझ्या चष्म्याची डबी. डबी उघडून त्यात खायला काही नाही हे बघितल्यावर ती माउलीनं छतावरून अशी फेकली की जणू चूक आमची होती.

वेळ उरला तर कुंथलगिरीचे पेढे घ्या, नाहीतर सरळ नळदुर्ग. बोरी नदी किल्ल्यातच अडवून बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल बांधलाय. पावसाळ्यात बांध भरून वाहिला की नर आणि मादी असे दोन धबधबे सुरू होतात. डोंगर नाही, पण चुकवू नका.

माहूर-किनवट, तिसऱ्या-चौथ्या खेपेला

नांदेडच्या उत्तरेचा हा कोपरा आधीच्या दोन्हींपेक्षा वेगळा. इथं सागाचं जंगल, पावसाळ्यात सागाला पांढरे तुरे येतात. पैनगंगेवरचा सहस्रकुंड धबधबा, उनकेश्वरचे गरम पाण्याचे झरे, माहूरला रेणुका, दत्तशिखर, अनसूया अशी तीन शिखरं आणि शेजारी किल्ला. अंतरं लांब, मोबाइलला रेंज मधूनच, गॅरेज फक्त मोठ्या गावात. डिझेल किनवटला टाकी भरून घ्या, नकाशा फोनमध्ये आधी उतरवून ठेवा आणि निघताना घरी सांगा की रात्री फोन लागला नाही तर सकाळी दहापर्यंत वाट बघा, लगेच पोलिसांत जाऊ नका. आमच्या सासूबाई एकदा निघाल्या होत्या.